गाळा पाहावा आषाढात

परसात आठ-दहा कोंबड्या, दारात दोन शेळ्या, गच्चीवर भाजी, बांधावर मधपेटी असा छोटा पसारा सांभाळणाऱ्यांसाठी तालुक्याच्या गावी दुकान काढावं, असं मनात घेतलेली मंडळी अलीकडे बरीच भेटतात. कल्पना चांगली आहे. नेहमीचं कृषी सेवा केंद्र एकरांच्या हिशेबात बोलतं. तिथे पाच किलो कोंबडीखाद्य आणि वांग्याचं एक छोटं पाकीट मागणाऱ्याकडे काउंटरवरचा माणूस मान वर करूनही पाहत नाही. शहराकडच्या नर्सऱ्यांना कुंड्या आणि शोभेची झाडं विकण्यात रस असतो. या दोहोंच्या मधलं गिऱ्हाईक खरंच मोकळं आहे. निवृत्तीनंतर गावी घर बांधलेले, मुळशी-भोर-कर्जतकडे गुंठ्यांनी जागा घेतलेले, परसबाग आणि कुक्कुटपालन करणारे महिला बचत गट, हे सगळे त्यात आले.

पण या मंडळींचा पहिला प्रश्न असतो पाटीचा, रंगाचा आणि काचेच्या दाराचा. ते सगळं शेवटी. आधी एका कागदावर मालाची यादी करा, कारण गाळा कुठे घ्यायचा, भिंतींना काय लावायचं, कुठली वस्तू कुठे ठेवायची हे सगळं त्या यादीवर ठरतं. पेंड ओल धरते, बियाणं उष्णतेनं मरतं, खत लोखंड खातं. उंदराला यातलं काहीच वर्ज्य नाही.

यादीतला सर्वांत मोठा निर्णय औषधांचा, म्हणजे कीटकनाशकांचा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्याच्या वस्तू जिथे बनतात, साठवल्या जातात किंवा विकल्या जातात, त्याच इमारतीत कीटकनाशकं ठेवायला आणि विकायला हे नियम मनाई करतात. सवलत आहे ती फक्त घरगुती वापराच्या, तशी नोंदणी आणि लेबल असलेल्या उत्पादनांच्या किरकोळ विक्रीला. याचा आपल्यापुरता अर्थ असा की पेंड, कोंबडीखाद्य किंवा मध ठेवणार असाल तर फवारणीची औषधं त्या छपराखाली नकोत. ‘मागच्या खोलीत ठेवू, मध्ये भिंत आहे’ हे चालत नाही. नियमात शब्द इमारत असा आहे. शिवाय औषधांच्या परवान्यासाठी कृषी किंवा रसायनशास्त्र अशा विषयांतली पात्रता लागते. ती नसलेल्या विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेचा ‘देसी’ नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे.

माझं मत विचाराल तर औषधं सोडून द्या. गावात ती विकणारे आधीच चार जण असतात. परसातल्या गिऱ्हाइकाला पिवळे-निळे चिकट सापळे, आच्छादनाची जाळी आणि निंबोळी पेंड यांवर बरंच भागवता येतं. मात्र बाटलीतलं, ॲझाडिरॅक्टिन असलेलं निंबोळीचं तयार कीटकनाशक ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळं सुटत नाही. तेही याच कायद्यात येतं.

खत आणि बियाणं यांना स्वतंत्र परवाने. बियाण्याचा परवाना १९८३ च्या नियंत्रण आदेशाखाली, खताचा १९८५ च्या. भाजीच्या बियाण्याची दहा-वीस रुपयांची पाकिटं म्हणजे किरकोळ गोष्ट, असं समजू नका. तीही विकायला परवाना लागतो. गांडूळखत पोत्यात भरून विकणारेही खत आदेशाच्या कक्षेत आहेत. परवाना विशिष्ट जागेचा असतो, त्यामुळे भाडेकरार हातात येण्याआधी अर्ज करून उपयोग नाही आणि करारानंतर रंगकाम संपेपर्यंत थांबण्यातही अर्थ नाही. ज्यांचा माल विकणार त्यांच्याकडून उगम प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्यातच वेळ जातो. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा जाऊन कागदांची ताजी यादी आणा, एजंटाच्या तोंडी यादीवर विसंबू नका.

युरिया, डीएपीसारखी अनुदानाची खतं मी छोट्या दुकानात ठेवणार नाही. पॉस यंत्रावर आधार जुळवून विक्री, त्याचा साठा रोज जुळता ठेवणं, आणि वर ४५-५० किलोंची पोती रचायला जागा. शिवाय एक धोका आहे, तो दुकान मांडताना फार कमी लोकांच्या लक्षात येतो. सांडलेला युरिया मिठासारखा दिसतो आणि शेळीच्या पोटात गेला तर ती काही तासांत दगावू शकते. ज्या दुकानात शेळीची पेंड मोजून दिली जाते, तिथे त्याच तराजूच्या ताटलीत खत मोजणं म्हणजे संकटाला आमंत्रण. गांडूळखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा आणि पाण्यात विरघळणाऱ्या खतांची बंद छोटी पाकिटं एवढ्यावर भागतं.

जनावरांची प्रतिजैविकं, लसी वगैरे ठेवायचा मोह आवरा. त्याला अन्न व औषध प्रशासनाचा औषधविक्रीचा परवाना लागतो, आणि लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. ‘कोंबड्या झिमतायत, काहीतरी द्या’ म्हणत येणाऱ्याला पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट दाखवणं हेच बरं.

यादी झाली, की गाळा पाहायला निघायचं, आणि ते आषाढात. उन्हाळ्यात सगळेच गाळे कोरडे असतात. जागामालक नवा रंग देऊन ठेवतो आणि ओल त्याखाली गुमान बसलेली असते. जुलैमध्ये, तीन-चार दिवसांची झड लागलेली असताना गाळ्यात उभे राहा. खालच्या तीन फुटांत भिंतीवर पांढरी पावडर फुललेली दिसली, म्हणजे लोणा धरलेला असला, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. वरून खाली ओघळ असतील तर दुखणं छपराचं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, खर्च वेगळे. फरशीची परीक्षा सोपी: दोन फूट चौरस जाड प्लॅस्टिक जमिनीवर पसरायचं, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहायचं. खाली दव जमलं असेल किंवा फरशीचा रंग गडद झाला असेल तर त्या जमिनीवर खाद्याचं पोतं थेट ठेवता येणार नाही, कितीही महागडी टाइल लावली तरी.

नदीकाठच्या बाजारपेठांत आणखी एक गोष्ट. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं. सांगलीनं २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कृष्णेचा पूर पाहिला. अशा गावांत शेजारच्या दुकानदारांना विचारलं तर पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात लावून दाखवतात. त्या हाताच्या वर पोटमाळा होत असेल तरच गाळा घ्या, आणि पोटमाळ्याला दगडी जिन्याएवढा भक्कम जिना करा. पूर येतो तेव्हा पोती वर चढवायला शिडी कामाची नसते.

टेम्पो दारापर्यंत मागे येतो का हेही पावसातच कळतं. पन्नास किलोचं पोतं हमालानं चिखलातून पंचवीस पावलं वाहून आणायचं, तर प्रत्येक गाडीमागे हमाली वाढते आणि निम्मी पोती भिजून येतात. मुख्य रस्त्यावरच्या देखण्या गाळ्यापेक्षा बाजार समितीच्या मागच्या गल्लीतला, पण गाडी लागणारा गाळा मला कधीही चालेल. भाडेकरार अकरा महिन्यांचा घेऊ नका. भिंती-छपरावर तुम्ही खर्च करणार आणि परवान्यांवर पत्ता या जागेचा. निदान तीन ते पाच वर्षांचा, नोंदणी केलेला करार असू द्या, आणि रॅक, शटर, विजेची जोडणी जाताना कोणाची, हे त्यात लिहून घ्या.

दुरुस्तीचं काम दिवाळीनंतर काढावं. गवंडी मोकळे असतात, हवा कोरडी असते आणि गिलाव्याला वाळायला वेळ मिळतो. वरून सुरुवात करून खाली यावं. पत्र्याचं छप्पर असेल तर गळती बहुधा बोल्टच्या झिजलेल्या वायसरांतून असते. पत्रे बदलण्याआधी वायसर बदलून पाहा. स्लॅब असेल तर पाणी पावसाळी पाइपाकडे वाहतं की मध्ये साचतं, हे दोन बादल्या ओतून बघा. पीओपीचं छत अजिबात करू नका. दुकान दिसतं चकचकीत, आणि सहा महिन्यांत वरच्या पोकळीत उंदरांचा संसार मांडला जातो. उन्हाचा ताप कमी करायचा तर छपराला बाहेरून पांढरा रंग किंवा चुना द्या. तेवढ्यानं आतली उष्णता जाणवण्याइतकी कमी होते, आणि बियाण्याला तेच हवं असतं.

भिंतींच्या बाबतीत रंगवाल्याचं ऐकू नये. ओलसर भिंतीवर पुट्टी आणि तेलरंग चढवला की ओल आत कोंडते आणि भाद्रपदात पापुद्रे सुटू लागतात. जुनी दगड-मातीची किंवा चुन्यातली भिंत असेल तर लोणा लागलेला गिलावा खरवडून काढा आणि तिथे पुन्हा चुन्याचाच गिलावा करा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, सिमेंट देत नाही. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा लागेल, पण जुन्या वाड्यांच्या पेठांत तो सापडतो. नव्या विटांच्या बांधकामात सिमेंटचा गिलावा ठीक. त्यावर सात दिवस पाणी मारा आणि मग महिनाभर काही न करता सोडून द्या. खालच्या भागात टाइल लावून ओल झाकणं म्हणजे ती मालाच्या पाठीशी नेऊन ठेवणं.

फरशी म्हणून गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल या दुकानात चुकीची. ओल्या चपलांनी घसरते, आणि पहार किंवा कुदळ पडली की तडकते. शहाबादी किंवा कोटा फरशी घ्या, किंवा नीट घोटलेला सिमेंटचा कोबा करा. दाराकडे बोटभर उतार ठेवला की झाडलोट आणि धुणं सोपं. पायरीच्या एका बाजूला ढकलगाडी चढेल असा उतरता रॅम्प करून घ्या; गुडघे दुखणारी गिऱ्हाइकंही तोच वापरतील.

आता उंदीर. बोटभर रुंदीच्या फटीतून लहान उंदीर सहज येतो, घूस जमीन पोखरून येते. भोकं शोधायची एक पद्धत सांगतो. भर दुपारी शटर पूर्ण खाली ओढायचं, आतले दिवे मालवायचे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं. जिथून उजेडाची रेघ येते, तिथे खडूनं खूण करायची. बहुतेक खुणा तीन जागी सापडतील: शटरच्या खालच्या कडेला, वर शटर गुंडाळून बसतं त्या पेटीच्या दोन टोकांना, आणि पत्रा भिंतीवर टेकतो तिथल्या नळ्यांत. पेटीच्या टोकांना आणि पत्र्याखाली बारीक गॅल्व्हनाइज्ड जाळी सिमेंटमध्ये बसवा, शटरच्या तळाला रबरी पट्टी लावा. वायर जिथून आत येते ते भोक फोमनं बुजवतात, पण फोम उंदीर कुरतडतो. आधी जाळीचा बोळा कोंबा आणि मग सिमेंट भरा. विषारी वड्या खाद्याच्या दुकानात ठेवू नका. मरतुकडा उंदीर नेमका पोत्यांच्या मागे जाऊन पडतो. पिंजरे आणि एक मांजर पुरेत.

वीजजोडणी घरगुती असेल तर महावितरणकडे अर्ज करून व्यावसायिक करून घ्या. घरगुती मीटरवर दुकान चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि दंडासह बिल येतं. अर्थिंग नव्यानं करा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. बाकी एलईडी दिवे आणि दोन पंखे, बस.

मांडणी करताना दुकानाचे मनातल्या मनात दोन भाग पाडा, खायचं आणि न खायचं. दोहोंत किमान काउंटर असावा, झाडू वेगळा, मोजायचा डबा वेगळा. खाद्याची पोती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पॅलेटवर, जमिनीपासून वितीच्या आसपास उंच आणि भिंतीपासून हातभर लांब. मागे हवा खेळते, झाडू फिरतो आणि उंदराची लेंडी दिसते. खताच्या बाजूला लोखंडी रॅक गंजतो, म्हणून तिथे लाकूड किंवा प्लॅस्टिक. सुटं खाद्य झाकणाच्या पिंपात. नवं पोतं आलं की जुनं पुढे ओढायचं आणि नवं मागे लावायचं. पोत्यावर आल्याची तारीख मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहायची. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरतंच खाद्य मागवा. मक्याला आणि पेंडीला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. पोतं उन्हात पसरलं की वास जातो, विष जात नाही. पिल्लं पटापट मरतात आणि दुकानाचं नाव गावभर होतं.

बियाण्याला जागा द्यायची ती सर्वांत थंड कोपऱ्यात, पश्चिमेच्या भिंतीला कधीच नाही. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: बियाण्यातला ओलावा एक टक्क्यानं कमी केला, किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं, की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. उलटही तेवढंच खरं. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडलेली रंगीत पाकिटं दिसतात छान, पण त्यातलं कांद्याचं बी वर्षभरात उगवणं सोडून देतं. कांदा मुळातच अल्पायुषी. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि बाहेर फक्त नमुन्याची रिकामी पाकिटं लावा. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते, तेव्हा माल घेताना पाकिटाची पाठ वाचल्याशिवाय बिलावर सही करू नका. शंका आली तर ओल्या गोणपाटावर शंभर बिया मोजून ठेवा आणि किती उगवल्या ते पाहा. हे काउंटरवर, गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवलं तर जाहिरातीचा खर्च वाचतो.

तराजू इलेक्ट्रॉनिक घ्या आणि वैधमापन खात्याचा शिक्का दर वर्षी न चुकता करून त्याचं प्रमाणपत्र भिंतीला लावा. गिऱ्हाइकासमोर मोजून दिलेलं खाद्य वेगळं. आधीच किलो-किलोच्या पिशव्या भरून ठेवल्या, तर त्यावर पॅकर म्हणून तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. बियाण्याची पाकिटं फोडून सुटं विकणं मात्र कुठल्याही सबबीवर नको. परवान्याच्या दुकानात साठा आणि भाव दाखवणारा फलक लावावाच लागतो. दाराजवळची एक भिंत त्यासाठी आधीपासून मोकळी ठेवा, नाहीतर तो फलक शेवटी पंख्याखाली लटकतो.

उरलेली कागदपत्रं झटपट होतात. मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. निव्वळ वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि ती अक्षरं इतर भाषेच्या अक्षरांहून लहान नकोत; २०२२ पासून हे एक-दोन माणसांच्या दुकानालाही लागू आहे.

पहिला माल भरताना हात आखडता ठेवा. खुरपं, विळा, झारी, ग्रो बॅग, कोकोपीटच्या विटा, शेडनेट मीटरवर, कोंबड्यांची पाण्या-खाद्याची भांडी, शेळ्यांच्या गळ्यातले दोर, दहा-बारा भाज्यांचं बी, दोन प्रकारचं कोंबडीखाद्य, एक पेंड. एवढ्यावर शटर उघडता येतं. वनराज, गिरिराज असल्या पिल्लांची चौकशी पहिल्याच आठवड्यात सुरू होईल. पिल्लं दुकानात साठवू नका. नावं आणि आगाऊ रक्कम घेऊन हॅचरीची गाडी येण्याचा दिवस ठरवा आणि त्याच दिवशी वाटून टाका. एका दिवसाचं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस तग धरतं, ते इतक्या वाटपासाठी पुरेसं आहे. मधपेट्या ठेवणार असाल तर एकच प्रकार ठेवा. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरी जातीच्या माशीची पेटी खपते. मेलिफेरा माशीच्या चौकटी मोठ्या असतात आणि सातेरीच्या पेटीत बसत नाहीत. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण मिळतं. पेटी विकण्याआधी गिऱ्हाइकाला तिकडे पाठवा, नाहीतर मधमाश्या उडून जातात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

मुहूर्त पाडव्याचा धरा, चुकला तर अक्षय्य तृतीयेचा. मृगाच्या तोंडावर उघडलेल्या दुकानात पहिल्याच दिवशी गर्दी होते, आणि कुठली वस्तू कुठे आहे हे खुद्द मालकालाच ठाऊक नसतं. पाडव्याला उघडलं तर जूनपर्यंत दोन-अडीच महिने मिळतात. त्यात वही बसते, हमाल बांधला जातो, गिऱ्हाईक काय मागतं आणि तुमच्याकडे काय नाही याची यादी तयार होते. ती यादी काउंटरवरच ठेवा. खरिपाची खरेदी तिच्यावरून करायची. साप्ताहिक सुट्टी रविवारी नको, कारण गुंठेवाले शनिवार-रविवारीच गावी येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी तर सकाळी सातलाच शटर वर गेलं पाहिजे.

उधारीचं पहिल्याच दिवशी ठरवा. अवजारं, जाळी, पेटी यांना ओळखीच्या माणसाला पंधरा दिवस द्यायला हरकत नाही. खाद्याला उधारी नाही. कोंबड्या रोज खातात, खातं रोज वाढतं, आणि एखाद्या रात्री मानमोडी येऊन खुराडं रिकामं झालं की त्या माणसाकडे पैसे मागायला जायची सोय उरत नाही.